लेझर कटिंगच्या दुकानांत झाकण बंद ठेवा

संपादक महोदय,

राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचा बाजार एमडीएफकडे (लाकडाचा भुसा डिंकाने चिकटवून केलेल्या फळ्यांकडे) व अ‍ॅक्रिलिककडे वळला. जाळीदार कमानी, महिरपी, दारावरच्या नावाच्या पाट्या, लग्नपत्रिकांची नक्षी ही सगळी कामे कार्बन डायऑक्साइड लेझरच्या यंत्रावर होतात. आता तालुक्याच्या गावीही अशी दुकाने आहेत. तरुण मुलांनी कर्ज काढून ती उभी केली आहेत, त्याचे मला कौतुकच आहे. पण तिथे जे दिसते त्याने जीव धास्तावतो, म्हणून हे पत्र.

मी शस्त्रक्रियागृहात सिस्टर होते. कान-नाक-घशाच्या ऑपरेशनांत हाच लेझर वापरला जाई. १०.६ मायक्रॉन तरंगलांबीची ही किरणे डोळ्यांना दिसत नाहीत, नेम धरण्यासाठी वेगळा लाल ठिपका सोबत सोडावा लागतो. पाणी ही किरणे चटकन शोषून घेते, आणि आपल्या मांसात पाणीच जास्त. त्यामुळे किरण जिथे पडेल तिथला पातळ थर वाफ होऊन उडतो, बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी बंद होतात आणि खालच्या भागाला फारशी झळ लागत नाही. स्वरयंत्रावर पुन्हा पुन्हा चामखिळीसारख्या गाठी येणारी लहान मुले आमच्याकडे यायची. आवाज बसलेला, श्वास घेताना घरघर. सूक्ष्मदर्शकातून पाहत डॉक्टर त्या गाठी थराथराने उडवत.

पण त्याआधी आमची तयारी किती असे! पेशंटच्या पापण्या मिटवून चिकटपट्टी लावायची, वर ओले पॅड, चेहऱ्याभोवती ओले टॉवेल. श्वासनळीतली ट्यूब लेझरसाठी बनवलेली. तिच्या फुग्यात हवेऐवजी निळा रंग घातलेले सलाईन भरायचे, म्हणजे किरणाने फुगा फुटलाच तर निळे पाणी लगेच दिसते. भूलतज्ज्ञ ऑक्सिजनचे प्रमाण शक्य तितके खाली आणत, कारण ट्यूबने घशात पेट घेतला तर पेशंट हातचा जाऊ शकतो. सलाईन भरलेली मोठी सिरिंज हाताशी, खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा, दाराबाहेर पाटी, आणि धूर ओढून घेणारी नळी अगदी जखमेजवळ धरलेली. चामखिळी लेझरने जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचा डीएनए सापडल्याचे संशोधन १९८८ सालीच प्रसिद्ध झाले होते, तेव्हा धुराच्या बाबतीत ढिलाई चालत नसे.

एवढे सगळे पाच-दहा वॅटसाठी. दुकानातल्या यंत्राची लेझर ट्यूब साठ, ऐंशी, कधी शंभराहून अधिक वॅटची असते.

नातवाच्या खोलीसाठी पाटी करून घ्यायला मी अशाच एका दुकानात गेले होते. झाकण उघडले की किरण बंद व्हावा म्हणून यंत्राला स्विच असतो. तो तारेने बांधून टाकला होता. ‘झाकण उघडं असलं की काम नीट दिसतं, काकू,’ असे तो मुलगा म्हणाला आणि कडेला उठलेली ज्योत त्याने वाकून फुंकून विझवली. ज्या किरणाने तीन मिलिमीटरची फळी आरपार कापली जाते, त्याच्यापासून त्याचा डोळा वीतभर अंतरावर होता. किरण चकचकीत पत्र्यावरून उसळला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो, त्यावर वण राहतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते. यंत्राचे अ‍ॅक्रिलिकचे झाकण ही किरणे अडवते. त्यासाठी वेगळा खर्च नाही, ते बंद तेवढे हवे.

धुराचे तर कुणी मनावरच घेत नाही. एमडीएफचा भुसा ज्या डिंकाने चिकटवतात त्यात फॉर्मल्डिहाइड असते. बायोप्सीचे तुकडे ठेवायच्या फॉर्मालिनचा, म्हणजे त्याच्याच पाण्यातल्या द्रावणाचा, घशात झोंबणारा वास मला तिथे ओळखू आला. कर्करोग करणाऱ्या पदार्थांत फॉर्मल्डिहाइडची गणना झालेली आहे. त्याहून वाईट म्हणजे रेक्झिन आणि पीव्हीसीचे फोम शीट. ते लेझरखाली धरले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलावा मिळताच त्याचे आम्ल होते. त्या दुकानात यंत्राच्या आतले लोखंडी दांडे तांबूस गंजले होते. तीच हवा तो मुलगा दिवसभर घेतो. पीव्हीसी या यंत्रावर कापायचेच नसते, हे त्याला यंत्र विकणाऱ्याने सांगितले नव्हते. एक्झॉस्टचा पाइप तर शेजारच्या बोळात सोडला होता, तिथे मुले खेळत होती.

हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ज्यांनी शोधला ते डॉ. कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे नाव ठळकपणे यावे असे मला मनापासून वाटते. त्यांच्याच मुलखात हे यंत्र अशा बेपर्वाईने चालावे, याचा म्हणूनच जास्त त्रास होतो.

दोन-तीन माणसांच्या या दुकानांत कारखान्यांची तपासणी पोहोचत नाही. निदान यंत्र विकणाऱ्यांवर तरी बंधन घाला: झाकणाचा स्विच चालू असल्याशिवाय यंत्र हाती देऊ नये, काय कापायचे नाही याची मराठी यादी यंत्रावरच चिकटवावी, आणि धुराचा पाइप छपराच्या वर नेऊन द्यावा. आयटीआयनी दोन दिवसांचे वर्ग घेतले तर डोळे, धूर आणि आग यांवर बोलायला मी आनंदाने येईन, पैसे नकोत. मखरांची ऑर्डर देणाऱ्या मंडळांनीही दुकानात पाऊल टाकताच आधी झाकणाकडे पाहावे आणि ते उघडे असेल तर तिथल्या तिथे बोलावे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा