हवाई अंतराला ८०० ने भागून प्रवासाचा वेळ निघत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ ही माहिती हल्ली सगळीकडे एका ओळीत उरकतात, पेपरात पण आणि मोबाईलवर पण. ४०० किलोमीटर, अर्धा तास, बस्स. लोक त्यावर भरवसा ठेवून बेत आखतात हो, कोणी सकाळच्या इंटरव्ह्यूला जायचं ठरवतं कोणी पेशंटला तपासायला न्यायचं, आणि तिकीट बघायला गेलं की कळतं वेळ सव्वा तासाचा आहे, नाहीतर डायरेक्ट विमानच नाहीये.

हा अर्धा तास येतो नुसत्या भागाकारातून. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात कमी अंतर काढायचं आणि ताशी ८०० ने भागायचं. लांबच्या प्रवासाला हे बऱ्यापैकी जुळतं, पण ४०० किमीला अजिबात नाही. ३५ हजार फुटांवरचं जेट उतरायला लागतं तेच मुळी १८०-२०० किमी आधी, आणि तेवढं वर चढायलाही साधारण तितकंच अंतर लागतं, मग पूर्ण वेगाने उडायला मधे राहिलं किती? म्हणून अशा रूटवर विमान बऱ्याचदा तेवढं वर जातच नाही. शिवाय १० हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपास. वरून गेटपासून रनवेपर्यंत जाणं, नंबर लागायची वाट बघणं, वाऱ्याच्या समोरून उतरायचं म्हणून कधीकधी वळसा घालून दुसऱ्या बाजूने येणं. एअरलाइन टाइमटेबलमध्ये जो वेळ देते तो गेट सोडल्यापासून समोरच्या गेटला लागेपर्यंतचा, त्यालाच ब्लॉक टाइम म्हणतात, आणि प्रवाशाच्या कामाचा तोच आहे.

मध्यम शहरांमध्ये बऱ्याचदा एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानं चालतात, ताशी साधारण ५०० किमीवाली. लोक उगाच नाक मुरडतात, ४०० किमीला जेटपेक्षा दहा-पंधरा मिनिटंच काय ती जास्त लागतात आणि ही विमानं कमी लांबीच्या रनवेवरूनही उडतात, कमी प्रवाशांतही परवडतात म्हणून तर अशा शहरांना विमान मिळतं!

आणि डायरेक्ट विमान नसलं तर ते ४०० किमी कागदावरच राहतात. तिसऱ्या मोठ्या शहरातून जावं लागतं, ते दोघांपासून ६०० किमीवर असेल तर माणूस हवेतच १२०० किमी फिरतो आणि मधे दोन-तीन तास बसून राहतो ते वेगळंच. घरातून विमानतळावर पोचणं आणि तासभर आधी बंद होणारा चेक-इन काउंटर धरला तर अशा वेळी रात्रीची ट्रेन किंवा सरळ गाडी काढणं जास्त सोयीचं पडतं, पण ती एक ओळ वाचून हे कोणालाच कळत नाही.

तर विनंती एवढीच की असे आकडे छापताना 'हवाई अंतर' असं स्पष्ट लिहा, डायरेक्ट विमान आहे की नाही ते सांगा, वेळ टाइमटेबलमधला द्या आणि शेजारी रस्त्याचं अंतर पण द्या. दोन शहरांच्या टाइम झोन वेगळ्या असतील तर तेही लिहा, कारण तिकिटावर सुटायची आणि पोचायची वेळ त्या त्या ठिकाणची असते आणि नुसती वजाबाकी करणारे हमखास चुकतात. दोन ओळी वाढतील फक्त.

आपला,
एक नियमित वाचक