पटर बदलण्याआधी शाफ्ट आणि ग्रिप तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोल्फच्या साहित्यावर मराठीत जे काही थोडेफार लिहिले जाते, त्यात पटरचा (ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडू लोटून भोकात म्हणजे कपात घालायच्या काठीचा) विषय निघाला की चर्चा थेट नव्या मॉडेलांवर आणि त्यांच्या किमतींवर जाते. चेंबूर, खारघर, येरवडा, कुठल्याही कोर्सवर हेच ऐकू येते: चेंडू रेषेत जात नाही, तेव्हा नवा पटर घ्या. आयात केलेल्या चांगल्या पटरला आज किती पैसे मोजावे लागतात हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. पण दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या अशा बऱ्याच पटरांच्या हेडमध्ये (चेंडूला लागणाऱ्या खालच्या भागात) काहीच खोट नसते. दोष असतो लांबीत, शाफ्टच्या (दांड्याच्या) बसणीत, नाहीतर तिरक्या बसलेल्या ग्रिपमध्ये (मुठीच्या आवरणात). हे सगळे दुरुस्त करता येते आणि खर्चही नव्या पटरच्या मानाने फार थोडा येतो. मात्र काम अर्धवट केले तर चांगला पटरही बिघडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात ग्रिपपासून, कारण सर्वात जास्त हलगर्जीपणा तिथेच होतो. पटरच्या ग्रिपची पुढची बाजू सपाट असते आणि त्यावर अंगठे टेकतात. ही सपाट बाजू हेडच्या तोंडाशी (चेंडूवर आपटणाऱ्या बाजूशी) काटकोनात हवी. ती एखाद्या अंशाने जरी फिरली तरी हात ग्रिपचे ऐकतात आणि तोंड तेवढेच उघडते किंवा मिटते. १० फुटांच्या पटवर (पटरच्या फटक्यावर) १ अंशाची चूक म्हणजे चेंडू सुमारे २.१ इंच बाजूला. कपाचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २.१२ इंच. एका अंशात चेंडू कपाच्या मध्यावरून कडेवर जातो. मग खेळाडू आपल्या स्ट्रोकला दोष देत बसतो आणि नसलेली चूक सुधारायला जातो.

ग्रिप बसवताना डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. शाफ्टला रबरी क्लॅम्प लावून तो व्हाइसमध्ये आडवा धरावा, टो (हेडचे शाफ्टपासून लांबचे टोक) वरच्या बाजूला ठेवावा. हेडच्या मागे ओळंब्याची दोरी सोडावी आणि शाफ्टच्या वरच्या टोकाकडून पाहत तोंडाची खालची कड दोरीशी जुळेपर्यंत शाफ्ट फिरवावा. आता ग्रिप चढवली की तिच्या सपाट बाजूवर छोटी पाणसळ आडवी ठेवायची. बुडबुडा मध्यावर आला की ग्रिप बरोबर बसली. गवंड्याच्या पिशवीतल्या दोन साध्या वस्तूंनी हे काम अचूक होते, महागडा लेसर लागत नाही.

जुनी ग्रिप काढताना हुकच्या आकाराचे पाते वापरावे आणि ते नेहमी अंगापासून दूर ओढावे. स्टीलच्या शाफ्टवर सरळ पातेही चालते. ग्राफाइटच्या शाफ्टवर सरळ पाते फिरवले तर तंतू कापले जातात आणि तिथूनच पुढे शाफ्ट तडकतो. जुनी टेप हीट गनने कोमट करून खरवडावी, डिंकाचा एकही खडा राहू देऊ नये. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ग्रिपच्या लांबीइतकी लावायची आणि वर अर्धा इंच जास्तीची ठेवून शाफ्टच्या तोंडात दुमडायची. ग्रिपच्या बुडाच्या भोकावर बोट ठेवून आत टर्पेंटाइन ओतायचे, हलवायचे, तेच टेपवर रिकामे करायचे आणि एका दमात ग्रिप सरकवायची. टेप सगळीकडे ओली झाली नाही तर ग्रिप अर्ध्यात अडकते आणि मग ती फाडूनच काढावी लागते. ग्रिप चढल्यावर सरळ करायला एक-दोन मिनिटे मिळतात. साधी रबरी ग्रिप काही तासांत वापरता येते, फोमची मात्र रात्रभर ठेवावी, कारण द्रावण आत मुरलेले असते. काही ठिकाणी या कामाला पेट्रोल वापरतात. बंद खोलीत, शेजारी हीट गन चालू असताना पेट्रोल ओतणे हा जीवाशी खेळ आहे. क्लबांनी आपल्या वर्कशॉपमध्ये ते तातडीने बंद करावे.

ग्रिपचे आतले माप आणि शाफ्टच्या वरच्या टोकाची जाडी जुळते का, हेही कुणी विचारत नाही. पटर शाफ्टचे वरचे टोक सहसा ०.५८० ते ०.६०० इंच असते आणि ग्रिपवर तिचे आतले माप लिहिलेले असते. पायऱ्यांचा शाफ्ट वरून कापला की टोक आणखी बारीक होऊ शकते. अशा शाफ्टवर ०.६०० ची ग्रिप एकाच टेपवर चढवली तर ती उन्हाळ्यात हळूहळू फिरू लागते. आधी मास्किंग टेपचे थर देऊन जाडी भरून घ्यावी, मग चिकट टेप लावावी.

आता जाड ग्रिपविषयी. गेली काही वर्षे या ग्रिपांची लाट आहे आणि मनगटे फार हलवणाऱ्या खेळाडूला त्यांचा फायदा होतो, यात शंका नाही. पण जाड म्हणजे जड असे नाही. फोमची जाड ग्रिप साध्या रबरी ग्रिपइतकीच, ६०-७० ग्रॅमची असू शकते आणि दिसायला तशीच दुसरी ११० ग्रॅमच्या पुढे जाते. बदलण्याआधी दोन्ही ग्रिपा काट्यावर ठेवाव्यात. स्विंग-वेट म्हणजे पटर हलवताना हेड किती जड जाणवते त्याचे माप; त्याच्या काट्याचा टेकू पटरच्या वरच्या टोकापासून १४ इंचांवर असतो. ३४ इंची पटरमध्ये हेड त्या टेकूपासून सुमारे २० इंच लांब आणि ग्रिपचा मध्य सुमारे ९ इंच. म्हणून ग्रिपमध्ये साधारण साडेपाच ग्रॅम वाढले की स्विंग-वेट एका अंकाने उतरते आणि ते परत आणायला हेडला अडीच ग्रॅम लागतात. ५० ग्रॅम जड ग्रिप लावली तर नऊ अंक गेले. पटरचे एकूण वजन वाढते, तरी हेड हातात जाणवेनासे होते. खेळाडू म्हणतो, पटर मेला. मग लांब पट कमी पडू लागतात आणि दोष ग्रीनला दिला जातो.

ज्याला अशी जड मूठच हवी आहे त्याने हेडही जड करावे, सुमारे २२ ग्रॅमने. इथे शिशाच्या टेपचा हिशोब नीट समजून घ्यावा. अर्धा इंच रुंद टेपचे ४ इंच म्हणजे सुमारे २ ग्रॅम. २२ ग्रॅमसाठी ४४ इंच टेप लागेल आणि तेवढी टेप पटरच्या तळाला चिकटवणे हे काही काम नव्हे. टेप दोन-चार ग्रॅमच्या बारीक फरकासाठी ठीक. मोठ्या फरकासाठी सोलमधले (तळातले) स्क्रू बदलावेत: ॲल्युमिनियमच्या जागी स्टील, स्टीलच्या जागी टंगस्टन. ज्या हेडला स्क्रू नाहीत त्याला जड ग्रिप न लावणे बरे.

लांबी कमी करतानाही हाच तोल बिघडतो. बाजारातला पटर बहुधा ३४ किंवा ३५ इंचांचा असतो आणि आपल्याकडच्या अनेक खेळाडूंना ३३ इंच पुरतो. लांब पटर हाती आला की खेळाडू ताठ उभा राहतो, चेंडू पायांपासून दूर जातो, टो हवेत उचलला जातो आणि चेंडू डावीकडे निघतो. कापायचा तर वरूनच कापावा: स्टील पाइप कटरने, ग्राफाइट टेप गुंडाळून बारीक दात्यांच्या हॅक्सॉने, तोंडाला मास्क लावून. एक इंच कापला की आधीचा तोल राखायला हेडला १५ ते २० ग्रॅम लागतात. कारखान्यातून येणाऱ्या ३३ इंची पटरचे हेड ३५ इंचीपेक्षा जड असते ते यासाठीच. कापून देणारा दुकानदार हे सांगत नसेल तर ग्राहकाने विचारावे.

शाफ्टचा विषय सर्वात नाजूक. पटरची चाल बरीचशी शाफ्ट हेडला कुठून आणि कसा जातो यावर ठरते. हेडच्या जरा वर शाफ्ट एका बोटावर आडवा तोलून पाहा. तोंड आकाशाकडे राहिले तर पटर फेस-बॅलन्स्ड, टो खाली गेला तर टो-हँग. सरळ मागे-पुढे पटर नेणाऱ्याला पहिला प्रकार सहसा जमतो, कमानीत फिरवणाऱ्याला दुसरा. दोन बाकांचा शाफ्ट लावून, म्हणजे शाफ्टची रेषा हेडच्या गुरुत्वमध्याकडे आणून, टो-हँग घालवता येतो. पण त्यासाठी ते हेड वाकलेल्या शाफ्टसाठीच बनवलेले हवे. पटरचा शाफ्ट हेडला कुठेही जोडता येतो, गोल्फच्या बाकीच्या काठ्यांना ही मुभा नाही. यावरून एकेकाळी मोठा वादही झाला होता. वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकन खेळाडू १९०४ मध्ये मधोमध शाफ्ट असलेला स्केनेक्टडी पटर घेऊन ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला, १९१० मध्ये आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेने तसल्या पटरांवर बंदी घातली आणि ती उठायला चार दशके लागली.

शाफ्ट बदलताना जोड कसला आहे हे आधी पाहावे. काही हेडांत शाफ्ट भोकात जातो, काहींत हेडच्या खुंटीवर चढतो. भोकात जाणाऱ्या शाफ्टचे टोक बहुतेक वेळा ०.३७० इंच असते, काहींचे ०.३५५. खुंटीवर चढणाऱ्यात शाफ्टचे आतले माप महत्त्वाचे. व्हर्नियरने मोजल्याशिवाय शाफ्ट मागवू नये. जुना काढताना उष्णता फक्त जोडावर द्यावी. हेडच्या तोंडात पॉलिमरचा इन्सर्ट (आत बसवलेला तुकडा) असेल तर त्याच्यावर ओले फडके गुंडाळून ठेवावे आणि ते पुन्हा पुन्हा भिजवावे, नाहीतर इन्सर्टचाच डिंक सुटतो आणि इन्सर्ट फुगून वर येतो. असे हेड पुन्हा सरळ होत नाही. स्टीलचा शाफ्ट पिळून काढता येतो. ग्राफाइटचा कधीही पिळू नये, तो पुलरने सरळ ओढावा.

भोकातला जुना इपॉक्सी (दोन भाग मिसळून होणारा पक्का डिंक) तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करावा. नव्या शाफ्टच्या टोकावरची क्रोमची चकाकी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घालवावी, कारण गुळगुळीत क्रोमवर इपॉक्सी धरत नाही. दोन्ही भाग ॲसिटोनने पुसावेत. मग इपॉक्सी न लावता शाफ्ट बसवून लॉफ्ट (तोंडाचा मागे कलण्याचा कोन) आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) मोजून पाहावे, आणि जागा पक्की झाली की शाफ्ट व हेड दोहोंवर मिळून मास्किंग टेपवर एक रेघ मारावी. वाकलेला शाफ्ट जरासा फिरला तरी लाय, लॉफ्ट आणि ऑफसेट (तोंड शाफ्टच्या रेषेच्या किती मागे आहे ते) तिन्ही बदलतात. ही रेघ नसेल तर ओल्या इपॉक्सीत काहीच कळत नाही. इपॉक्सी दोन्ही भाग सारखे घेऊन चांगला घोटावा आणि २४ तास हात लावू नये. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी ठिसूळ असतो, तो इथे चालत नाही. सुकल्यानंतरच ग्रिप. ग्रिप आधी बसवून मग शाफ्ट फिरवणारे लोक आहेत, त्यांचे सगळे काम दोनदा होते.

लॉफ्टबद्दल एवढेच की ते साधारण ३-४ अंश असते आणि हात चेंडूच्या पुढे जितके अंश झुकवाल तितके ते कमी होते. आपल्याकडे ग्रीनवर बहुतेक ठिकाणी हरळीच्याच कुळातले बर्म्युडा गवत असते, पावसाळ्यात ते लांब आणि संथ होते. तिथे २ अंशांचा पटर चेंडूला गवतात दाबतो आणि चेंडू पहिल्यांदा उसळतो. मऊ स्टीलच्या हेडची मान एक-दोन अंश वाकवता येते. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या हेडांची मान मोडते, तिथे वाकवायचा तो शाफ्ट.

स्पर्धा खेळणाऱ्यांनी नियमही पाहावेत. पटरची ग्रिप गोल नसली तरी चालते, पण तिला मधे कंबर किंवा फुगवटा नको आणि कुठेही जाडी १.७५ इंचांपेक्षा जास्त नको. लॉफ्ट १० अंशांपर्यंत चालते. शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला हवा, म्हणजे लाय ८० अंशांच्या वर नाही. एका पटरला दोन ग्रिपा लावता येतात, पण दोन्ही गोल हव्यात आणि त्यांच्यात किमान दीड इंच अंतर हवे. लांब पटर कायदेशीर आहे, तो छातीला किंवा पोटाला टेकवून मारणे २०१६ पासून बंद आहे. फेरी चालू असताना वजनाचे स्क्रू बदलणे किंवा शिशाची टेप लावणेही चालत नाही.

राज्यातल्या क्लबांना आणि त्यांच्या प्रो-शॉपना माझी विनंती आहे. लॉफ्ट-लायचा गेज, स्विंग-वेटचा काटा आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा एवढे सामान प्रत्येक वर्कशॉपमध्ये असावे. पटर दुरुस्तीला आला की लांबी, लॉफ्ट, लाय, एकूण वजन, ग्रिपचे वजन आणि स्विंग-वेट हे सहा आकडे आधीचे आणि नंतरचे एका चिठ्ठीवर लिहून ग्राहकाला द्यावेत. आपल्याकडे कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहण्याचे, काम करता करता व्यावसायिक झालेले गुणी खेळाडू आहेत, त्यांच्या हाती बहुधा दुसऱ्याने वापरलेला पटर येतो. तो आधीच्या मालकाच्या मापाने कापलेला असतो. अशा मुलांचे पटर मोजून देण्यासाठी क्लबांनी महिन्यातून एक दुपार विनामूल्य ठेवावी. आणि खेळाडूंनी उन्हाळ्यात पटर गाडीच्या डिकीत ठेवू नये, त्या उष्णतेत इपॉक्सी आणि ग्रिपची टेप दोन्ही सैल पडतात.

आपला,
क्लब-दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे