‘हलका तो वेगवान’ हा नियम वायूंचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली. ‘रेणू जितका हलका तितका वेगवान’ हे वाक्य मुले इतके घोकतात की ते कोणत्या माध्यमाविषयी आहे, हे विचारायचे राहून जाते. यातला थोडा दोष माझ्याकडेही येतो. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाचा हा नियम वायूंचा आहे. काचनळीच्या एका टोकाला अमोनियाचा आणि दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक आम्लाचा बोळा ठेवला, तर दोन्ही वायू भेटतात तिथले पांढरे कडे आम्लाच्या बाजूला उमटते, कारण १७ रेणुभाराचा अमोनिया ३६.५ भाराच्या वायूपेक्षा जवळपास दीडपट वेगाने पसरतो.

पाण्यात हा हिशेब चालत नाही. तिथे अडसर होतो तो आकाराचा; गोलसर रेणूचा भार आठपट झाला तरी त्रिज्या दुप्पटच होते आणि पसरण्याचा वेग निम्म्यावर येतो. विद्युतभार वाहणाऱ्या आयनांची तऱ्हा तर उलटीच. भार पाहिले तर लिथियम ७, सोडियम २३, पोटॅशियम ३९, पण पाण्यात सर्वांत सावकाश सरकतो तो लिथियम, कारण इवलासा असल्याने तो पाण्याचे रेणू स्वतःभोवती घट्ट धरून ठेवतो आणि ते लटांबर घेऊनच त्याला निघावे लागते.

सोलापूरकरांना हे नवे वाटू नये. पूर्व भागातल्या ज्या घरांनी सुताच्या लडी रंगवल्या, त्यांना रंग मुरायला वेळ लागतो हे ठाऊक आहे. आता बाद झालेल्या काँगो रेड या लाल रंगाचा रेणुभार सुमारे ६९७, मिठाचा ५८.५. मीठ पटकन आत शिरते. रंगाचा लांबट रेणू मात्र धाग्यातल्या अरुंद वाटांतून, सेल्युलोजला जागोजागी चिकटत, रेंगाळत जातो. म्हणून रंगाचे पाणी तापवावे लागते आणि घाई केली तर रंग वरवर बसतो.

डायलिसिसमध्ये (हा शब्दही ग्रॅहॅम यांचाच, १८६१ चा) ६० भाराचा युरिया पडद्यातून सहज निघतो, ११३ भाराचे क्रिएटिनिन हे दुसरे टाकाऊ द्रव्य जरा मागे राहते, तर सुमारे ६६ हजार भाराचे अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातच थांबते, आणि तेच हवे असते.

माझी सूचना एवढीच, की महाविद्यालयांनी अमोनियाच्या नळीशेजारी अगरची (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीची) एक थाळीही ठेवावी, तिच्यावर जांभळे पोटॅशियम परमँगनेट आणि त्याहून जड रेणूचे निळे मेथिलीन ब्लू यांचा एकेक थेंब टाकावा आणि तासाभराने दोन्ही डागांची रुंदी विद्यार्थ्यांना पट्टीने मोजायला लावावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर