श्रवण तपासणी कक्षातील ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे रोज इतकी मुले येतात, की धायरीहून आलेली आमची दीड वर्षाची मुलगी तुम्हाला आठवत असेलच असा माझा आग्रह नाही. तरीही हे पत्र चारचौघांत वाचले जावे अशा रीतीने लिहीत आहे, कारण तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी आम्हाला जे ऐकून घ्यावे लागले, तेही लोकांना कळायला हवे.

कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकत नाही, हे सर्वांत आधी माझ्या सासूबाईंच्या लक्षात आले. ज्या खासगी डॉक्टरांकडे आम्ही तिला नेत होतो, त्यांनी मान वर न करताच सांगितले, की काही मुले उशिरा बोलतात, तुम्ही उगाच काळजी करता. जिथे तिचा जन्म झाला तिथे तर कानांच्या तपासणीचा विषयही कोणी काढला नव्हता. बाळाच्या श्रवणाची चाळणी चाचणी पहिल्या महिन्यात, पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांना सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा दंडक वैद्यकात मानला जातो; तो ज्यांनी आम्हाला सांगायचा, त्यांनी बिल मात्र चोख दिले. पुढे एका ठिकाणी बेरा चाचणीसाठी, म्हणजे झोपलेल्या बाळाच्या कानाची नस आणि मेंदू आवाजाला प्रतिसाद देतात का हे पाहणाऱ्या तपासणीसाठी गेलो, तर मुलगी झोपत नाही म्हणून लांबची तारीख हातात ठेवण्यात आली. दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी केली, तेव्हा ‘आधी मोठी तर होऊ द्या’ असे उत्तर मिळाले. लहान मुलांना तात्पुरते प्रमाणपत्र देता येते, हे त्या खुर्चीवरील माणसाला ठाऊक नव्हते, की सांगायचे नव्हते, देव जाणे.

शेवटी मार्ग दाखवला तो अंगणवाडीत तपासणीसाठी आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने. 2013 पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जन्मजात बधिरतेचाही समावेश आहे आणि पुढील तपासणीसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, हे मला, एका शिकलेल्या आईला, तोवर कोणीही सांगितले नव्हते.

तुमच्याकडे त्या चाचणीसाठी आलो, त्या दिवशीही ती झोपत नव्हती. पहाटेपासून जागी ठेवलेली, कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवताना रडून रडून हुंदके देणारी. जेवणाची सुट्टी झाली आणि आता पुन्हा तारीख मिळणार, असे मी धरूनच चालले होते. तुम्ही डबा तसाच बाजूला सरकवलात, ट्यूबलाइट बंद केलीत, मला पाय पसरून खाली बसायला सांगितलेत आणि स्वतः भिंतीला टेकून थांबलात. ती पेंगू लागली तेव्हा बाहेर कोणीतरी दार ढकलले. तुम्ही चटकन उठून दार हाताने धरलेत, आवाज होऊ न देता लावलेत आणि बाहेरच्यांना ओठांवर बोट ठेवून थांबवलेत. मग बांगड्या काढून रुमालात गुंडाळल्यात.

ताई, तिला ऐकू येते की नाही, हेच तर तपासायचे होते. आमच्या नात्यातली माणसे एव्हाना तिच्यासमोर तिच्याविषयी मोठ्याने बोलू लागली होती, जणू ती घरातली एखादी वस्तू आहे. तुम्ही मात्र अहवाल हाती येईपर्यंत तिला ऐकू येते असेच धरून वागलात. नंतर तो अहवाल तुम्ही मला स्पष्ट शब्दांत समजावलात, खोटा दिलासा दिला नाहीत, त्याचेही मोल आहेच. पण आजही कामाच्या मध्येच डोळे भरून येतात ते त्या रुमालात गुंडाळलेल्या बांगड्या आठवून.

कागदपत्रांची कहाणी इथे सांगत बसत नाही. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवण-उपकरणासाठी साहाय्य मिळते आणि जन्मजात बधिर बालकांना त्यासाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, हे तुम्ही केसपेपरच्या मागे मराठीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या दोन रेघांमुळे आम्ही कुठेच रेंगाळलो नाही. अर्ज गेला आहे. तोवर श्रवणयंत्र लावून वाचा-उपचार सुरू आहेत. यंत्र ती अजून ओढून काढते आणि सासूबाई ते पुन्हा लावतात.

सरकारी दवाखाना म्हटले की नाक मुरडणाऱ्यांत आमचेही नातेवाईक आहेत, आणि गर्दी, रांगा, बंद लिफ्ट हे सारे खरेच आहे. पण पगारात न मोजले जाणारे काम करणारी माणसेही त्याच इमारतीत बसतात, आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. तक्रार करायची असली की लोक लगेच कागद काढतात, आभार मात्र जिन्यातच तोंडी उरकतात. म्हणून या पत्राची एक प्रत मी तुमच्या वरिष्ठांच्या नावे आवक विभागात दिली असून तिच्यावर शिक्का घेतला आहे.

आपली कृतज्ञ,
धायरीची एक आई