सहार ते उलवे : मधल्या प्रवाशाची सोय कोण पाहणार?

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,

स. न. वि. वि.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तिथून उड्डाणेही सुरू झाली. सहारच्या जुन्या मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला ९००हून अधिक विमानांची ये-जा होते. तेव्हा दुसरा विमानतळ हवाच होता. माझा प्रश्न मुंबईत विमान बदलणाऱ्या प्रवाशापुरता आहे.

नागपूरहून लंडनला निघालेल्या एखाद्या वृद्ध जोडप्याचे पहिले विमान उलव्याला उतरले आणि पुढचे सहारहून सुटणार असले, तर त्यांनी पट्ट्यावरून जड बॅगा उतरवून घ्यायच्या, ट्रॉली ढकलत बाहेर येऊन टॅक्सी शोधायची, वाशीच्या खाडीपुलावरून किंवा अटल सेतूवरून मुंबईच्या वाहतुकीत शिरायचे आणि टर्मिनल २ला पोहोचल्यावर पुन्हा चेक-इनच्या रांगेत उभे राहायचे. सांताक्रूझच्या टर्मिनल १वरून सहारला जातानाही असा द्राविडी प्राणायाम घडतो, पण ते अंतर निदान थोडे आहे. एकदा हा अनुभव घेतलेले जोडपे पुढच्या वेळी दोहामार्गे जाणारे तिकीट काढील, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही.

मॉन्ट्रियलने हे भोगले आहे. १९७५ साली तिथे मिराबेल विमानतळ उघडला. आंतरराष्ट्रीय उड्डाणे तिकडे नेली, देशांतर्गत मात्र जुन्या डोरव्हालवरच ठेवली. विमान बदलणारे प्रवासी टोरांटोकडे वळले, २००४ साली मिराबेलची प्रवासी वाहतूक थांबली आणि पुढे टर्मिनलची इमारतही पाडली गेली. टोकियोनेही १९७८मध्ये दूरच्या नारिता विमानतळाला पाठवलेली आंतरराष्ट्रीय वाहतूक २०१०पासून शहराजवळच्या जुन्या हानेडावर पुन्हा नियमित सुरू केली.

मुंबईतून जग गाठायचे, तर राज्यातल्या आणि देशातल्या लहान शहरांची विमाने परदेशी उड्डाणांच्या शेजारीच उतरायला हवीत. म्हणून विमान कंपन्यांना वेळा वाटून देताना एकाच तिकिटावरची दोन्ही उड्डाणे एकाच विमानतळावर ठेवण्याची अट घालावी. जिथे ते अशक्य असेल, तिथे सामान कंपनीने परस्पर पोहोचवावे आणि उशीर झाल्यास पुढच्या विमानाची जबाबदारीही तिनेच घ्यावी. ऑक्टोबरअखेर लागू होणारे हिवाळी वेळापत्रक मंजूर होण्यापूर्वी हा निर्णय व्हावा, ही विनंती.

कळावे,
एक विमानप्रवासी