रविवारी कपड्यांची अदलाबदल : येण्याआधी हे वाचा

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी १० ते १ आपल्या नेहमीच्या सभागृहात कपड्यांची अदलाबदल आहे. पैशांचा व्यवहार अजिबात नाही. जितके नग आणाल तितक्या चिठ्ठ्या मिळतील, आणि तितकेच नग नेता येतील.

• प्रत्येकी जास्तीत जास्त ५ नग. अंतर्वस्त्रे नकोत.
• कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणा. खिसे तपासा! मागच्या वेळी एका जॅकेटमधून घराच्या किल्ल्या निघाल्या होत्या.
• बटण तुटलेले, शिवण उसवलेली चालेल. दुरुस्तीच्या टेबलावर सुई-दोरा असेल. काखेत विरलेला सदरा मात्र आणू नका, त्याची घरीच फडकी करा.

घेताना घाई नको. कापड उजेडासमोर धरा, विरलेली जागा लगेच दिसते. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. टाके फाकले तर तो कपडा फार दिवस टिकणार नाही. उलटा करून आत माया (शिवणीच्या कडेला ठेवलेले जादा कापड) किती सोडली आहे तेही पाहा. माया भरपूर असेल तर थोडा घट्ट कपडाही सैल करता येतो. (मी तर हेच आधी बघते, रंग नंतर.)

एका नव्या सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. म्हणून ‘पर्यावरणपूरक’ लेबलाचा महाग टी-शर्ट घेण्याआधी इथे एक चक्कर माराच.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवावे. टेबले लावायला चौघे हवेत, ९ वाजता. उरलेले कपडे ज्याचे त्याने परत न्यायचे आहेत.