रिकाम्या बुटातली दोन बोटं

ताई, सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र तुमच्या हातातच द्यायला हवं होतं. पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय, कारण स्की रिसॉर्टवर अख्खा हिवाळा नोकरी करायला निघालेल्या माणसाला सल्ले देणारे ढीगभर भेटतात, त्याचा पाय बघणारं कुणी भेटत नाही. तुम्ही पाय बघितलात.

तुमच्या दुकानात स्कीचा बूट घालून बघा म्हणण्याआधी तुम्ही त्याच्या आतलं लायनर, म्हणजे मऊ अस्तराचा आतला बूट, उपसून बाजूला ठेवलंत. नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घालायला सांगितलंत. पायाची बोटं पुढे जेमतेम टेकली, तशी खाली बसून टाचेच्या मागे आपली बोटं सरकवलीत. दोन बोटं, म्हणजे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा, इतकीच हवी. तिथे तिसरंही बोट आरामात गेलं. तुम्ही बूट उचलून फळीवर परत ठेवलात आणि म्हणालात, "हा मोठा होतोय. तुमच्या मापाचा आत्ता माझ्याकडे नाही. घेऊ नका."

दुकानात उभं राहून "घेऊ नका" ऐकायची सवय नसते हो! दोन मिनिटं काय बोलावं ते सुचेना.

त्याआधीच्या दुकानात पायाला मोजपट्टीही लागली नव्हती. रोजच्या चपलेचा नंबर विचारला, वर एक नंबर मोठा दिला, आणि थंडी वाजेल म्हणून जाड मोजे दोन-दोन घाला असा मायेचा सल्ला. तीन वाक्यांत तीन चुका. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. पाय २६२ मिलिमीटर असेल तर सुरुवात २६ किंवा २६.५ पासून करायची, आणि या दोन्हींचं कवच बहुतेक कंपन्यांत एकच असतं, फरक आतल्या भरावाचा. नवं लायनर वापरून दबतं, म्हणून पहिल्या दिवशी सैल वाटणारा बूट महिन्याभरात डबा होतो. आणि दोन मोजे घातले की घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. पातळ, उंच, एकच मोजा.

यातली खरी गोम तुम्ही सांगितलीत ती अशी की मोठ्या बुटाचं दुखणं अगदी लहान बुटासारखं दुखतं. पाय आत पुढेमागे घसरतो, बोटं पुढे आपटतात, नखं काळी पडतात. माणसाला वाटतं बूट लहान आहे, म्हणून तो आणखी मोठा घेतो. घसरण थांबवायला पायाच्या चवड्यावरची बकलं करकचून आवळतो, मग पाय बधिर होतो. बूट घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची, आधी वरची बकलं लावायची, खालची नुसती टेकवायची. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे लागली तरी घाबरायचं नाही, गुडघे पुढे वाकवले की टाच मागे जाते आणि बोटं सुटतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर किती पायांचा छळ वाचला असता!

आठवड्याच्या सुट्टीवर आलेला पाहुणा वाईट बूट सोसून घरी जातो. हंगामाला आलेल्या कामगाराला तो बूट डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत घालायचा असतो, आणि तोही कामाच्या पाळीतून मिळालेल्या दीड-दोन तासांसाठी. तुम्हाला हे कळलं कारण तुम्ही स्वतः पाळ्या केल्या आहेत.

आणि कामाबद्दल तुम्ही जे विचारलंत ते एजंटाच्या रंगीत पत्रकात कुठेच नव्हतं. तिथे बर्फ होता, सूर्य होता, हसणारी तरुण मंडळी होती. तुम्ही एकच प्रश्न टाकलात: "खोली कागदावर आहे का?" डोंगरावर नोकरी मिळते, छप्पर मिळत नाही. खोलीत किती जण, पगारातून किती कापणार, अनामत किती, हे लेखी हवं. बर्फ उशिरा पडला तर आठवड्याचे किमान किती तास नक्की, हे तर आधी हवं, कारण बर्फ नसला की स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची पाळी कापतात आणि खोलीचं भाडं मात्र कापत नाहीत. लिफ्टचा पास पगाराचा भाग आहे की वेगळा? हंगामाच्या शेवटी बोनस असेल तर तो शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्यालाच मिळतो का? गुडघा गेला तर नोकरीबरोबर खोलीही जाते का? हा शेवटचा प्रश्न आपण होऊन कुणी विचारत नाही. विम्याचंही तसंच. साध्या प्रवासविम्यात एका सहलीला दिवसांची मर्यादा असते, हंगाम त्यात मावत नाही, आणि पगारी काम करताना झालेली इजा बऱ्याचदा त्यात बसतच नाही. पॉलिसीत आधी या दोन गोष्टी शोधा म्हणालात, बाकी नंतर वाचा.

कुठलं काम घ्यावं यावर तुमचं मत रोखठोक होतं. शॅलेमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या डोंगरातल्या लाकडी घरात, सकाळी नाश्ता आणि साफसफाई, संध्याकाळी जेवण, मधली दुपार मोकळी: स्कीइंग भरपूर, झोप कमी. लिफ्टवर दिवसभर उघड्यावर उभं राहायचं. भाड्याच्या दुकानात पाहुणे बदलतात त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नाही, पण हातात कसब येतं. विसाव्या वर्षी लिफ्ट, तिशीत दुकान, असं म्हणून तुम्ही हसलात. मला ते पूर्ण पटलं नाही, पण असो.

तुमच्या दुकानातली एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, लावताना वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पद्धत, इतकं लागतं. तळव्याची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ती खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. वजन कमी सांगितलं की बाइंडिंग सैल लागते आणि चालत्या वळणावर स्की सुटते. कौशल्य जास्त सांगितलं की ती घट्ट लागते, पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. म्हणून तुम्ही वजन कधी मोठ्याने विचारत नाही. कागदाचा चिठोरा आणि पेन्सिल पुढे सरकवता आणि पाठ करून स्क्रूड्रायव्हर शोधायला लागता. तो स्क्रूड्रायव्हर समोरच पडलेला असतो.

मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाऊ नये एवढ्यासाठी! बुटाचं तंत्र कुणीही शिकून घेईल. पाठ फिरवायचं कुठे शिकवतात, ते मला ठाऊक नाही. असा सभ्यपणा अंगात असला की तो गिऱ्हाइकालाही लागतो: तुमच्या काउंटरवर लोक निमूटपणे खरं वजन लिहून देत होते.

बूट शेवटी दुसरीकडे मिळाला, तुम्ही सांगितलेल्या मापाचा, २६.५. कवचात दोन बोटं बरोबर बसली. रात्री लायनर बाहेर काढून वाळत घालते, बकलं हलकी लावून ठेवते म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. डाव्या घोट्याच्या हाडावर अजून थोडं टोचतंय. तिथलं कवच तापवून बाहेर फुगवता येतं म्हणाला होतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी येते. या वेळी पैसे घ्या.

तुमची,
तीन बोटांच्या बुटातून वाचलेली